नववं ब्राउन एक दिवस बंद

आमची मंडळी बेस्तरवारी पहाटं गेली. शनिवारी राख सावडली. आयतवारी मी कामावर गेलो.

लोकांनी नावं ठेवली. ठेवू द्या. सुतकात माणसानं घरी बसावं, हे मला मालूम नाही असं नाही. पण घरी बसून करायचं काय? पोरगी आलेली होती, भावकीतल्या बाया होत्या, येणाऱ्याला पाणी द्यायला माणसं होती. मला कोणी काहीच करू देत नव्हतं. चुलीपुढं गेलो तर म्हणायचे, उठा. अंगणात बसलो तर म्हणायचे, आत बसा. आत बसलो तर समोर तिची चादर घडी करून ठेवलेली. चाळीस वर्षं पहाटं उठून एकच काम केलेला माणूस मी. पाय उठले आन् तिकडं गेले.

ते काम काय, ते अगोदर सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

परळीच्या बाहेर माळावर एक गोल्फचा क्लब आहे. खाजगी आहे, मेंबर लोकांचा. बीड जिल्ह्यात गोल्फ म्हणलं की पाहुणेरावळे हसतात. माझा मेव्हणा नांदूरघाटचा, तो पहिल्यांदा बघायला आलता तवा तासभर उभा राहिला आन् म्हणला, "दाजी, एवढी शिकलेली माणसं एका चेंडूमागं दीड कोस चालतेत, अन् शेवटी तो बिळात घालतेत?" मी म्हणलं, हौ. तो म्हणला, "मंग पहिल्यांदाच बिळाजवळ कावून उभं राहत न्हाईत?" ह्याचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

पण खेळ तेवढाच आहे. काठीनं चेंडू मारत न्यायचा, लांबवर भोक असतं त्यात घालायचा. अशी नऊ भोकं. कमी फटक्यात घालील तो जिंकला. बाकी सगळं कपडे, टोप्या आणि रिवाज.

भोकाभोवतीची जागा गुळगुळीत लागते. मोठ्या शहरात तिथं हिरवंगार गवत राखतात. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो तवा घागर भरते, गवताला पाणी कुठून घालणार? म्हणून आमच्याकडं वाळू. बारीक चाळायची आणि तिच्यात ट्रकचं जळकं ऑइल कालवायचं, म्हणजे ती वाऱ्यानं उडत नाही. दहाबारा पावलांचा एक गोल, काळपट तपकिरी. त्याला ब्राउन म्हणतात. लांबून दिसावं म्हणून त्याच्या कडेला उंच काठीवर झेंडा. लोक खेळून गेले की त्याच्यावर बुटांचे ठसे राहतात. मग फळी ओढायची. तीन हात लाकूड, त्याला लांब दांडा. भोकापासून सुरू करायचं आन् जिलेबीसारखं गोल गोल फिरत कडेला यायचं. फळी मागून आपलेच पाय पुसत येते. कडेला आलं की वाळूवर नुसत्या रेघा राहतात, माणूस चालला होता असं दिसत नाही.

हे माझं काम. माझं आणि तिचं.

तो माळ आधी आमच्या मेंढरांचा होता. आमचा म्हणजे कागदावर नाही. आम्ही धनगर, चारायला जायचो, म्हणून आमचा. थर्मलच्या वीजघराच्या कामावर एक बडा इंजिनिअर आलता, लांबच्या मुलखातला, चहाच्या मळ्यांकडचा. तिकडं त्याला हा नाद लागलेला. आम्ही त्याला बडे साहेब म्हणायचो. त्यानं सातआठ जण गोळा केले, माळ भाड्यानं घेतला, एक पत्र्याची खोली बांधली आन् त्याच्यावर पाटी लावली. एक दिवस मी मेंढरं घेऊन बसलो होतो तर तो सरळ माझ्याकडं चालत आला. मला वाटलं, आता हाकलतंय.

"भेड कितने हैं?" तो म्हणला.

"साठसत्तर."

"रोज इधर ही लाना."

"कावून?"

"घास कौन काटेगा? तेरा भेड काटेगा. तनखा मिलेगा."

मी घरी येऊन बापाला सांगितलं. बाप म्हणला, मेंढरं चारायचा पगार देतंय? यड लागलंय त्याला. घे, त्याला कळायच्या आत घे.

असा मी कामाला लागलो. त्या वेळचा एक नियम अजून क्लबच्या पाटीवर रंगवलेला आहे: चेंडू मेंढराला लागला तर तो फटका माफ, परत मारायचा. आता तिथं मेंढरू राहिलेलं नाही, गवत मशीननं कापतात. पण पाटी काही कोणी पुसली नाही. लातूरकडून पाहुणे खेळायला येतात ते त्या पाटीपुढं फोटो काढतात.

रिवाज लई आहेत. खोलीत टोपी घालून जायचं नाही. चेंडू हुडकायला गेलेल्याला शिवी द्यायची नाही. दसऱ्याला काठ्या धुऊन, ओळीनं मांडून, झेंडूची फुलं घालून पूजा करायची. पहिल्या वर्षी बडे साहेबांनी बघितलं की नुसत्या काठ्याच मांडल्यात. त्यांनी विचारलं, फळी कुठंय? खोरं कुठंय? चाळणी कुठंय? ते सगळं आणायला लावलं आन् काठ्यांच्या पुढं मांडलं. नारळ मला फोडायला लावला. तवापासून दसऱ्याचा नारळ सगळ्यात जुन्या कामगारानं फोडायचा. आता कितीतरी वर्षं मीच फोडतो. बाकीचे मेले नाहीतर पळून गेले.

ती कामाला कशी लागली ते सांगतो. लगीन होऊन दोन वर्षं झालती. ती भाकर घेऊन यायची. एक दिवस मी फळी ओढत होतो आन् ती कडेला उभी राहून बघत होती. मग तोंडाला पदर लावला.

"हासतीस कावून?" मी म्हणलं.

"न्हाई, बघतीय. हितं काय रेडा लोळला व्हता का?"

"तू ओढून दाखव मग."

तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं, चप्पल काढली, फळी घेतली. सारवताना जसा हात फिरतो तसा तिचा हात फिरला. एका रेघेला दुसरी रेघ बरोबर चिकटून. कुठं फुगवटा नाही, कुठं मोकळी जागा नाही. बडे साहेब पत्र्याच्या खोलीपुढं बसले होते. ते उठून आले, कडेकडेनं गोल फिरले, आन् म्हणले, कल से दोनों का नाम लिखो.

पुढं पुढं मेंबर लांबूनच ओळखायचे. आज बाईंचं ब्राउन आहे, म्हणायचे. मी ओढलेलं असलं तर काही म्हणायचे नाहीत.

वाळूत ऑइल कालवायचं कामही तिच्याकडंच आलं. खोऱ्यानं ते नीट कालवत नाही, गोळे राहतात. पायानं तुडवावं लागतं, भिंतीचा गारा तुडवतात तसं. आठपंधरा दिवसांनी एकेक ब्राउन तुडवायचं. ती लुगडं खोचून उभी राहायची आन् तुडवायची. लई चांगलं कालवायची.

आता तो रिवाज, ज्याच्यामुळं हे सगळं सांगतोय.

क्लब सुरू होऊन काही वर्षं झालती. एक मेंबर होता, तरणाच म्हणायचा. संध्याकाळी खेळून घरी गेला आन् झोपेतच वारला. सकाळी मी नवव्या ब्राउनवर गेलो तर भोकात त्याचा चेंडू तसाच. काढायचा विसरला होता. मी बडे साहेबांना दाखवला. त्यांनी टोपी काढली. मग म्हणले, आज इथं कोणी पाय ठेवायचा नाही. तिला फळी ओढायला लावली. झेंडा काठीवर निम्म्यावर आणला. भोवती दोरी बांधली.

तेच पुढं चालू झालं. मेंबर वारला की नववं ब्राउन एक दिवस बंद. सकाळी नवी फळी ओढायची, झेंडा निम्म्यावर, दिवस मावळेपर्यंत कोणी आत जायचं नाही. खेळायला आलेल्यांनी आठ भोकं खेळायची, नवव्याला चेंडू कडेपर्यंत आणायचा, टोपी काढून चेंडू हातानं उचलायचा, आन् सगळ्यांनी सारखेच दोन फटके धरायचे. मेलेल्यापुढं कोणी जिंकायचं नाही, कोणी हरायचं नाही. असं बडे साहेब म्हणायचे.

अशी अकरा माणसं गेली. बडे साहेबसुद्धा. ते रिटायर होऊन त्यांच्या मुलखात गेलते, तिकडं वारले, फोन आला. अकराच्या अकरा वेळा फळी तिनंच ओढली. बडे साहेबांच्या वेळी तिनं एकदा ओढली, बघितली, सगळी मोडली आन् परत ओढली.

तिला साखर होती. मग मूत्रपिंडाचं निघालं. अंबाजोगाईला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवली. डॉक्टर म्हणले घरी न्या. घरी आणली. चौथ्या दिवशी गेली. ह्याच्यात सांगण्यासारखं काही नाही. मी जवळ बसलो होतो. तिनं पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, थोडं बाहेर आलं, मी पुसलं. मग परत पाजायला गेलो तर ती नव्हती.

आयतवारी दिवस उगवायच्या आत गेटवर गेलो. वाचमननं टॉर्च मारली.

"सुतकात आलास बे?"

"फळी ओढायला आलो."

"लोकं काय मनतील? घरी बस की गुमान. आज कप हाय, सेक्रेटरीनं दुसरी दोन माणसं सांगितलीत."

"ती येऊस्तर माझं होतंय."

कप म्हणजे बड्या साहेबांच्या नावाचा कप. वर्षातून एकदा असतो. लातूरची, संभाजीनगरची माणसं येतात. नवव्याच्या समोर मंडप घातलेला, खुर्च्या लावलेल्या, कारण शेवट तिथं होतो आन् सगळे तिथंच बसून बघतात.

मी एक ते आठ फळी ओढली. नवव्यावर आलो. तिथंही ओढली. ओढून झाली आन् हात झेंड्याकडं गेला. मी काय विचार केला असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. विचार केलाच नाही. झेंडा निम्म्यावर आणला, दोरी बांधली आन् कडेला बसलो.

सात वाजता गाड्या यायला लागल्या. पहिल्या गाडीतल्यांनी झेंडा बघितला आन् टोप्या काढल्या. हळूहळू बोलायला लागले. मग फोन निघाले. मला कोणी काही विचारलं नाही, कारण फळीवाल्याला विचारतं कोण? झेंडा खाली आहे म्हणजे मेंबर गेला, आन् मेंबर गेला म्हणजे कोण गेला असंल हे सगळ्यांना वाटलं की मालूमच आहे. आमचे सगळ्यात जुने मेंबर, डॉक्टरसाहेब. नव्वदीला आलेले. पंधरा दिवस लातूरला दवाखान्यात होते. बडे साहेबांच्या वेळचे तेवढेच उरलेले.

अर्ध्या तासात क्लबच्या ग्रुपवर डॉक्टरसाहेबांचा फोटो, खाली दोन समया, आन् भावपूर्ण श्रद्धांजली. कोणी लिहिलं पितृतुल्य. कोणी लिहिलं पोरकं झालो. दोघं मोटारसायकलवर हार आणायला गेले. हे मला नंतर कळलं. मी नुसता बघत होतो की माणसं डोळे पुसत आहेत. मला वाटलं, हिला एवढं मानत होते? मला वाटलं नव्हतं.

आन् साडेसातला डॉक्टरसाहेबांची गाडी आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, आतून काठी आली, मग एक पाय, मग डॉक्टरसाहेब. ते काल संध्याकाळीच घरी आलते.

"मी वारलो म्हणे," ते म्हणले. "बघायला आलो."

हातातले फोन हळूच खिशात गेले.

"कालपर्यंत एकानंही फोन केला नाही. आज चाळीस मेसेज आलेत. तीन जण तर पोरके झालेत, त्यातल्या एकाकडून मला गेल्या वर्षीचा हॅलोसुद्धा येणं बाकी आहे." तेवढ्यात हारवाले आले. डॉक्टरसाहेबांनी हार घेतला, वास घेतला. "ताजा आहे. असू द्या गाडीत. आज ना उद्या लागंल."

माणसं हसली, पण कशीतरीच. मग डॉक्टरसाहेबांनी झेंड्याकडं बघितलं.

"मग गेलं कोण?"

सेक्रेटरीनं इकडंतिकडं बघितलं. सेक्रेटरी गुत्तेदार आहे, रस्त्याची कामं घेतो. माणूस वाईट नाही. बेस्तरवारी स्मशानात आलता. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् त्याच्या ध्यानात आलं.

"काका," तो म्हणला, "झेंडा कोणी खाली केला?"

"मी केला."

"कोणासाठी?"

"आमच्या मंडळीसाठी."

तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "काका, मी समजू शकतो. मी मयतीला आलतो का नाही? पण हा रिवाज मेंबरचा आहे. आज कप आहे. बाहेरगावची माणसं आलीत. अकरा वाजता नेते येणार, मंडप ह्याच्यापुढंच टाकलाय. शेवटचं भोकच बंद ठेवलं तर कप कशाचा? आपण असं करू, बक्षीस वाटायच्या आधी दोन मिनिटं उभं राहू. काढा दोरी."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"तुमच्या अकरा माणसांची फळी तिनं ओढली. तिची मी ओढली. तुमाला काढायची तर काढा. मी काय धरून बसलोय का? ठेवा पाय. कोणी बी ठेवा."

कोणी ठेवला नाही. सेक्रेटरीनं दोरीला हात लावला आन् तसाच उभा राहिला. सांगितलेली ती दोन माणसंही आली होती, त्यांना त्यानं बोटानं खूण केली. ती पण जागची हलली नाहीत. त्यातला एक म्हणला, "साहेब, मयताचं हाय. तुमीच काढा."

लातूरचा एक पाहुणा म्हणला, "अरे पण बाई मेंबर होती का?"

"नव्हती," सेक्रेटरी म्हणला. "तेच तर सांगतोय."

आता सगळं तिथंच अडलं होतं. दोरी काढली तर ती एक मजूर बाई होती, मेली. दोरी राहिली तर तिचा एक दिवस झाला. मला दुसरं काही नको होतं. मला तो एक दिवस पाहिजे होता, सकाळपासून मावळेपर्यंत.

डॉक्टरसाहेबांनी काठीनं जमिनीवर टकटक केलं.

"सेक्रेटरी, मी गेल्यावर हे ब्राउन एक दिवस बंद ठेवणार ना?"

"साहेब, असं कशाला बोलता—"

"ठेवणार का नाही?"

"ठेवणार. ठेवावंच लागंल."

"म्हणजे माझा एक दिवस राखीव आहे. तो आज द्या बाईंना. नाहीतरी सकाळी सातलाच तुम्ही मला पोचवलंय."

"आन् मग तुमचं, पुढं..."

"पुढं खेळा खुशाल माझ्या उरावर. मी काय बघायला येणारंय का?"

सेक्रेटरीनं दोरीवरचा हात काढला. म्हणला, ठीक आहे, आठ भोकं आन् वर दोन फटके. लातूरचे पाहुणे कुरकुरले. कुरकुरू द्या.

मग दिवसभर खेळ झाला. एकेक टोळी नवव्याला यायची, कडेपर्यंत चेंडू आणायची, टोपी काढायची, चेंडू उचलायची, जायची. एकाचा चेंडू लांबून उडत येऊन कडेलाच थांबला, भोक तिथून पाचसहा पावलांवर. तो त्या भोकाकडं असा बघत होता जसं भूक लागलेलं माणूस झाकलेल्या ताटाकडं बघतं. मग उचलला त्यानं. नेते अकराला म्हणून एकला आले. त्यांनी विचारलं, झेंडा कावून खाली? कोणीतरी कानात सांगितलं. त्यांनी झेंड्याकडं तोंड करून हात जोडले, फोटोवाल्याकडं बघितलं, त्याचं होईपर्यंत हात जोडूनच ठेवले, मग जेवायला गेले.

मी दोरीजवळ बसलो होतो. माणसं येऊन हात हातात घ्यायची. काका, चहा घ्या. काका, सावलीला बसा. मी हौ म्हणायचो. मला वाटत होतं, तिचा मान झाला, आता काहीतरी वाटंल. रडू येईल, नाहीतर बरं वाटंल. काहीच वाटलं नाही. ऊन कलतं झालं तशा वाळूवरच्या रेघा उठून दिसायला लागल्या. तिसऱ्या वेढ्याला फळी वाकडी गेलेली, तिथं फुगवटा. पुढं एक रेघ दुसरीवर चढलेली. मी ते बघत बसलो. दुसरं काही बघायला नव्हतं.

पाच वाजायच्या सुमाराला गेटवर रिक्षा थांबली आन् माझी पोरगी उतरली. ती युसूफ वडगावला दिलेली आहे. एकच लेकरू माझं. पायात चप्पल, डोक्यावर पदर, चालायचा वेग असा की मला बसल्या जागी कळलं.

"आबा, दोन तास झाले मामालोक नांदूरघाटाहून आलेत. अख्खी सोयरी बसलीय. सगळे इचारायलेत, दाजी कुटं हाय. म्या काय सांगू? आई मेल्यावर तिसऱ्याच्या दुसऱ्या दिशी बाप चेंडू बघाय गेलाय मनून सांगू?"

"चेंडू न्हाई, बाई. हे बघ. तुझ्या आईसाठी बंद ठेवलंय. साहेब लोकाचा रिवाज हाय. कुण्या कामगाराला आजवर भेटला न्हाई. आज सगळ्यांनी टोप्या काढल्या. नेते आलते, त्यांनी बी हात जोडले."

ती बघत राहिली. दोरी, झेंडा, वाळू.

"हितं?" ती म्हणली.

"हौ."

"आबा, बेस्तरवारी आईला आंघूळ म्या घातली. तळपाय घासले. आदी साबण लावला, मंग चुलीतली राख, मंग गोडं तेल लावून घासले. चुलती मनली, बास कर पोरी, कातडं निघंल. निघालं न्हाई. काळेच पाय घिऊन गेली ती. अन् तुमी तिला परत आणून ह्याच तेलात उभी केली?"

"तिचं काम लई चांगलं व्हतं. समदे मनायचे."

"समदे मनायचे. ती काय मनायची?"

मी वाळूकडं बघितलं.

"ती मनायची, ह्या वासानं भाकर ग्वाड लागत न्हाई. हात धुतले तरी लागत न्हाई. माज्याकडं वडगावला आली की पहिल्या दिशी जेवायचीच न्हाई. दुसऱ्या दिशी आंघूळीनं वास गेला की मंग दोन दोन भाकरी खायची. आट दिसात अंगानं भरायची. तुमी मनायचा, पोरीनं लई चारलं दिसतंय."

म्हणायचो. हे खरं आहे.

"मला कधी बोलली न्हाई," मी म्हणलं.

"तुमी इचारलं कवा?"

नव्हतं विचारलं. आमच्याकडं गडीमाणूस आधी जेवतं. मी जेवून बाहेर खाटंवर पडायचो. ती मागून बसायची. ती किती खाते, खाते का नाही, हे मी चाळीस वर्षांत बघितलेलंच नाही. तिला फळी ओढताना बघितलं, तुडवताना बघितलं. जेवताना बघितलेलं मला एकदाही आठवंना. मी तिथं उभ्या उभ्या आठवून बघितलं. एकदाही नाही.

दिवस मावळायला अर्धा तास तरी होता. मी दोरी सोडली. झेंडा वर केला.

सेक्रेटरी मंडपातून पळत आला. "काका, राहू द्या की. दिवस आहे अजून. आता कोणी खेळत पण नाही."

"झालं," मी म्हणलं.

डॉक्टरसाहेब खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. त्यांच्यापुढून जावं लागलं. मी थांबलो.

"साहेब, तुमचा दिवस वाया गेला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या पोरीकडं बघितलं. "बाईला पसंत नव्हतं का?" ते म्हणले.

"म्हाईत न्हाई, साहेब."

त्यांनी मान हलवली. आम्ही रिक्षात बसलो. वाटंत पोरगी रडली. मी बाहेर बघत होतो.

घरी मेव्हण्यानं गळामिठी मारली. सोयऱ्यांनी भाकरी आन् पिठलं आणलेलं. म्हणले, दोन घास खा, सकाळपासून पोटात काही नाही. मी न्हाणीत गेलो, साबणानं हात धुतले, मग राख घेऊन परत धुतले. येऊन बसलो. हाताचा वास घेतला. मला वास आला नाही. पोरगी ताट ठेवायला वाकली तवा मी हात तिच्यापुढं केला.

"येतोय का गं?"

तिनं वास घेतला. "येतोय," ती म्हणली.

मी परत एकदा घेतला. मला नाही आला. मग भाकर मोडली आन् पिठल्याला लावली. सगळे माझ्याकडं बघत होते. भाकर ग्वाड लागली, रोजच्यासारखी. मी दोन खाल्ल्या.